चेंबर उतरवल्याशिवाय चेन नाही

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, पहाटे गाडी चालू करताना तो आवाज पहिल्यांदा ऐकला. पत्र्याच्या डब्यात चिंचोके घालून हलवावेत तसा, इंजिनाच्या पुढच्या तोंडाकडून. तीन-चार सेकंद वाजला आणि गेला. हौद्यात आंब्याच्या पेट्या बांधलेल्या होत्या, नांदगाव तिठ्यावर वाशीला जाणारा मोठा ट्रक थांबला होता. मी निघालो. अक्षय्यतृतीयेपर्यंत तोच आवाज दहा-बारा सेकंद टिकायला लागला, आणि मेच्या मध्यावर तो गाडी गरम झाल्यावरही हळू आवाजात येतच राहिला. बागेतला शेवटचा आंबा उतरला त्या दिवशी मी ठरवलं की आता पाऊस लागायच्या आत ही गाडी उघडायचीच.

गाडी म्हणजे डबल केबिनचा पिकअप, चारही चाकांना ताकद जाणारा. चार सिलिंडरचं २.२ लिटरचं डिझेल इंजिन, दोन लाखांच्या वर किलोमीटर झालेले. आमची बाग देवगड तालुक्यात, सड्यावर. वर जायचा रस्ता म्हणजे कातळ आणि लाल माती, आणि एकदा पाऊस पडला की तो चढ मागच्या दोन चाकांवर चढत नाही. म्हणून फोर बाय फोर घेतली. याच फोर बाय फोरमुळे पुढचं सगळं काम अवघड झालं, ते पुढे येईलच.

आवाज टायमिंग चेनचा निघाला. ती ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिनाच्या पुढच्या बाजूला, कव्हरच्या आत, क्रँकपासून (पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात तो) वर कॅमपर्यंत (जो दांडा व्हॉल्व्ह उघडतो तो) ही चेन फिरते. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा. व्हॉल्व्ह कधी उघडायचे, कधी मिटायचे हे त्या हिशेबावर चालतं. चेन एका बाजूने प्लास्टिकच्या पट्टीवर घसरते, दुसऱ्या बाजूने टेन्शनर तिला दाबून धरतो. आमच्या इंजिनात हा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. सकाळी इंजिन गार असताना दाब यायला क्षणभर लागतो, तेवढ्यात झिजलेली चेन सैल असते आणि पट्टीवर आपटते. तीच ती खडखड. डिझेल इंजिनात पिस्टन वर आल्यावर व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात जागा फारच कमी उरते. चेन एखादा दात सोडून सरकली तर व्हॉल्व्ह वाकतात आणि मग हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवण्याशिवाय गत्यंतर नाही.

आधी मी हायवेवरच्या एका गॅरेजला गेलो. तिथल्या फिटरने आवाज ऐकला आणि लगेच चेन म्हणून सांगितलं. निदान बरोबर होतं. उपाय मात्र त्याने असा सांगितला: चेंबरचे पुढचे चार बोल्ट ढिले करायचे, टायमिंग कव्हर ओढून काढायचं, चेन बदलायची, खालच्या फटीत सिलिकॉन भरून कव्हर परत बसवायचं. एका दिवसात गाडी मोकळी. चेंबर म्हणजे इंजिनाच्या बुडाशी असलेलं ऑइलचं भांडं. टायमिंग कव्हरचा खालचा काठ त्याच्याच पुढच्या ओठावर बसतो, म्हणून चेन बदलताना चेंबर मध्ये येतोच. तो पूर्ण उतरवायचा का, असं विचारल्यावर फिटर म्हणाला, खाली पुढचं डिफरन्शियल (पुढच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) आहे, चेंबर निघतच नाही, इंजिन खाली घ्यावं लागेल.

मी घरी आलो आणि ऑइल सोडलं. हा एक विचार मला त्या वेळी सुचला याचं आजही बरं वाटतं. ऑइल थेट डब्यात न ओतता जुन्या सुती साडीच्या फडक्यातून गाळलं. फडक्यात काळ्या प्लास्टिकचे चार-पाच तुकडे उरले. सगळ्यात मोठा तांदळाच्या दाण्याएवढा. ड्रेनच्या भोकातून जे आलं ते एवढं, म्हणजे जे मोठे असतील ते आतच.

ते तुकडे कागदात बांधून मी आमच्याच वाडीच्या पलीकडे राहणाऱ्या मेस्त्रींकडे गेलो. हे मेस्त्री वीस वर्षं आखातात जपानी पिकअपवर काम करून परतलेले, आता बंदरावरच्या ट्रॉलरची इंजिनं करतात. त्यांनी तुकडे तळहातावर घेऊन बोटाने फिरवले.

"ही पट्टी फुटली हा. बाकीचा प्लास्टिक खंय गेला?"

"खाली चेंबरात असतला, मेस्त्रीनू."

"मगे? चेंबर उतरवल्याशिवाय मी चेन घालून देवचंय नाय. तू दुसऱ्याकडे जा."

मग त्यांनी जे समजावलं ते मी त्यांच्याच क्रमाने सांगतो, कारण मला ते इतक्या स्पष्टपणे आधी कोणी सांगितलं नव्हतं. चेंबरच्या तळाशी ऑइल पंपाची गाळणी लटकते, तिला जाळी असते. पट्टीचे तुकडे त्या जाळीला चिकटतात. जाळी बुजली की पंपाला ऑइल कमी मिळतं, दाब उतरतो. दाब उतरला की टेन्शनर ढिला पडतो, चेन जास्त आपटते, पट्टी आणखी फुटते, आणखी तुकडे खाली. नवी चेन, नवा टेन्शनर घातला आणि जाळी तशीच ठेवली, तर नव्या टेन्शनरलाही तोच अर्धवट दाब. आखातात त्यांनी एक गाडी अशी पाहिली होती की सैल चेन कव्हरच्या आतल्या भिंतीला घासत घासत पलीकडच्या पाण्याच्या वाटेपर्यंत पोचली, आणि पाणी ऑइलमध्ये उतरलं. इंजिन गेलं.

काम आमच्या अंगणातच करायचं ठरलं. मेस्त्रींची स्वतःची जागा बंदराच्या वाऱ्यावर आहे, तिथे उघडं इंजिन ठेवायला ते तयार नव्हते. गाडी उचलून ठेवायला मी गडग्यातले चार चिरे आणून ठेवले होते. मेस्त्रींनी ते लाथेने बाजूला सारले. जांभा भिंतीत भार सोसतो, कारण तिथे भार सगळ्या अंगावर पसरतो. चेसीसचा काठ एका ठिकाणी टेकला की चिरा न सांगता फुटतो. खाली माणूस झोपलेला असेल तर संपलंच. शेवटी दोन लोखंडी घोड्या आणल्या, त्यांच्याखाली जाड फळ्या, आणि शिवाय पुढची दोन्ही चाकं काढून चेसीसखाली सरकवली. जॅक फक्त उचलायला. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, हे मेस्त्रींनी माझ्या पुतण्याला दोनदा म्हणायला लावलं.

पहिला दिवस एका चुकीच्या प्रयत्नात गेला, आणि तो माझ्या आग्रहामुळे. मला वाटत होतं की इंजिनाची फाउंडेशनं, म्हणजे ते चेसीसवर ज्यांवर टेकतं ते आधार, सोडून चेन कुप्पीने इंजिन थोडं वर ओढलं तर डिफरन्शियलला हात न लावता चेंबर निघेल. मेस्त्री म्हणाले, बघ. पंख्याचं कवच काढलं, रेडिएटर काढला, फाउंडेशनचे नट सोडले, कुप्पी लावली. इंजिन दीड इंच वर आलं आणि गिअरबॉक्सचा घंटेसारखा भाग केबिनच्या पत्र्याला टेकला. चेंबर खाली सरकायला लागणार होती निदान पाच इंच जागा, कारण आत गाळणीचा पाइप खोलवर उतरलेला असतो. चेंबर नुसता सुटून चालत नाही, त्या पाइपच्या खालून निघायला हवा. दीड इंचात काही होत नव्हतं. संध्याकाळी इंजिन परत फाउंडेशनवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी डिफरन्शियल उतरवायला घेतलं. आधी त्यातलं गिअर ऑइल सोडलं. डिफरन्शियलला ताकद आणणाऱ्या पुढच्या जॉइंट शाफ्टच्या दोन्ही फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या चकत्यांवर, पांढऱ्या रंगाची एकेक रेघ मारून घेतली, कारण परत बसवताना ती ज्या जागी होती तिथेच बसायला हवी, नाहीतर वेगात थरथर येते. दोन्ही बाजूंच्या अॅक्सलच्या फ्लँजवरही तशाच खुणा. मग हवेचा बारीक पाइप, फोर बाय फोर लागल्याची खबर देणारी वायर. एवढं झाल्यावर डिफरन्शियल तीन जाड बोल्टांवर लटकतं राहतं.

त्या तीन बोल्टांनी आमचा अर्धा दिवस खाल्ला. समुद्रापासून आमचं घर फार लांब नाही. इथल्या खाऱ्या हवेत गाडीच्या पोटाखालचं लोखंड कसं होतं हे घाटावरच्या माणसाला सांगून पटत नाही. दोन बोल्ट रात्रभर डिझेलमध्ये भिजवून आणि पान्याला लांब पाइप लावून सुटले. तिसऱ्याचं डोकं गोल झालं. बंदरावरच्या वेल्डरला बोलावलं. बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडून ठेवल्या, गाडीच्या कॉम्प्युटरला वेल्डिंगचा झटका लागू नये म्हणून. त्याने गोल झालेल्या डोक्यावर नवा नट वेल्ड केला, आणि तो तापलेला असतानाच पाना लावला. कर्रकन आवाज करून सुटला. नव्या नटामुळे पान्याला पकड मिळते हे तर खरंच, पण त्याहून जास्त काम वेल्डिंगच्या उष्णतेने गंज मोकळा होण्याचं असतं.

ट्रॉली जॅकवर डिफरन्शियल हळूहळू खाली घेतलं आणि मागे ओढलं. आणि तेव्हा चेंबर पहिल्यांदा पूर्ण दिसला. इतका मोकळा की त्याच्याखाली हात सहज फिरत होता. मी आदल्या दिवशी ज्याला टाळत होतो ते काम, बोल्टांचा त्रास सोडला तर, दोन तासांचं होतं. इंजिन खाली घ्यावं लागतं, हे हायवेवरच्या फिटरचं म्हणणं साफ चुकीचं होतं.

चेंबरचे बोल्ट लहान, दहा नंबरच्या पान्याचे. पण मागचे दोन गिअरबॉक्सच्या कवचामागे लपलेले असतात, तिथला छोटा पत्रा काढल्यावर लांब गोटीने सापडतात. ते दिसले नाहीत म्हणून लोक चेंबर ठोकून वाकवतात. सगळे बोल्ट काढल्यावरही चेंबर हलला नाही, जुन्या सिलिकॉनने धरून ठेवलेला. पेचकस घालून उचकटायचं नाही. अॅल्युमिनियमच्या काठावर एक ओरखडा पडला की तिथून जन्मभर ऑइल झिरपतं. मेस्त्रींनी हॅकसॉचं जुनं पातं दगडावर घासून बोथट केलं, एका टोकाला चिंधी गुंडाळली, आणि फटीतून कडेकडेने करवतीसारखं फिरवलं. पाऊण तास लागला.

चेंबर खाली आला तेव्हा आम्ही तिघंही काही वेळ बोललो नाही. तळाला डांबरासारखा काळा गाळ, आणि त्यात पट्टीचे तुकडे. गाळणीची जाळी अर्ध्याहून जास्त बुजलेली. एक तुकडा करंगळीच्या पेराएवढा, जाळीत आडवा बसलेला.

या गाळाचा दोष माझा आहे. मार्चमध्ये बदलायचं ऑइल मी हंगाम संपेपर्यंत ढकललं होतं. डिझेल इंजिनाचं ऑइल काजळी धरून ठेवतं, आणि ती काजळी चेनच्या सांध्यांत बारीक पॉलिश पेपरसारखी काम करते. चेन ताणली असं आपण म्हणतो, पण लोखंड रबरासारखं ताणत नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि तिचं भोक केसाएवढं झिजतं, आणि शंभराहून जास्त कड्यांचं ते मिळून चेन लांब होते. आम्ही जुनी आणि नवी चेन एकाच खिळ्याला टांगली. जुनी सहा-सात मिलिमीटर खाली लोंबत होती.

त्या दुपारचं एक काम मी कधीच विसरणार नाही. मेस्त्रींनी पुतण्याला केरोसीनचं घमेलं दिलं आणि सगळे तुकडे धुवून वर्तमानपत्रावर मांडायला सांगितले. टायमिंग कव्हर उघडल्यावर पट्टीचा उरलेला भागही निघाला होता. नवी पट्टी शेजारी ठेवायची आणि फुटलेली तुकड्या-तुकड्याने तिच्या मापावर जुळवायची. पोर तासभर बसलं. शेवटी पट्टी उभी राहिली, फक्त मधोमध नखाएवढी जागा रिकामी.

"तो खंय आसा, ता सापडल्याशिवाय बंद करूचा नाय," मेस्त्री म्हणाले.

फडक्यातले दाणे तपासले, गाळ पुन्हा चाळला. नाही. चेंबरच्या आत एक आडवा पत्रा वेल्ड केलेला असतो, चढावर-उतारावर ऑइल एका बाजूला धावू नये म्हणून. त्याच्याखाली हात जात नाही. केरोसीन भरून चेंबर आडवा-तिडवा हलवला, ओतला, पुन्हा भरला. चौथ्या वेळी तो तुकडा घमेल्यात पडला. मी तो उचलून वर्तमानपत्रावरच्या रिकाम्या जागेत ठेवला. बरोबर बसला. पुढचे बोल्ट ढिले करून, फटीत सिलिकॉन भरून चेन बदलली असती तर तो आणि त्याचे भाऊबंद आतच राहिले असते, आणि मला वाटलं असतं की काम झालं.

चेन बसवण्याचं काम त्यामानाने शांतपणे झालं. कव्हरच्या आतल्या भिंतीवर चेनने पाडलेली खाच होती, पण उथळ. पाण्याच्या वाटेपर्यंत बरंच अंतर होतं. तरी कव्हर फोंडा घाटातून कोल्हापूरला पाठवलं आणि उद्यमनगरात त्याची बैठक सपाट करून घेतली. येताना त्याच एसटीने चेनचा सगळा संच आला. नवी चेन जुन्या दातेरी चक्रांवर घालू नये, म्हणून चक्रंही नवी. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. नव्या चेनमधल्या रंगीत कड्या चक्रांवरच्या खुणांसमोर ठेवून चेन घालतात. नंतर हाताने क्रँकचे दोन पूर्ण फेरे दिले की चक्रांवरच्या खुणा पुन्हा जागेवर येतात, पण रंगीत कड्या येत नाहीत. त्या फार फेऱ्यांनी येतात. मी ते पाहून घाबरलो आणि चेन चुकली म्हणून ओरडलो. मेस्त्रींनी चक्राची खूण आणि ब्लॉकची खूण दाखवली. तीच खरी.

चेंबर परत लावताना आमच्या हवेचा पुन्हा प्रश्न आला. हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होतं. कोरड्या ठिकाणी जो वेळ मिळतो तेवढा मेअखेरच्या कोकणात मिळत नाही. हवा नुसती घामट होती, सिलिकॉनची धार ओढून होईपर्यंत सुरुवातीच्या भागावर साय धरायला लागली. पहिला थर पुसून काढला. दुसऱ्या वेळी आधी सगळे बोल्ट हाताशी रांगेत ठेवले, चेंबर जॅकवर तयार ठेवला, दोन्ही काठ पेट्रोलने कोरडे करून घेतले, आणि मगच तीन-चार मिलिमीटरची एकसारखी धार ओढली, बोल्टांच्या भोकांच्या आतल्या अंगाने. टायमिंग कव्हर आणि ब्लॉक जिथे मिळतात त्या दोन कोपऱ्यांवर एकेक थेंब जास्त. गळती बहुतेक तिथूनच होते. त्याआधी गाळणी धुवून, तिच्या पाइपला नवं रबरी कडं घालून घट्ट केली होती. तिथे हवा शिरली तर पंप ऑइलऐवजी हवा ओढतो. बोल्ट हाताने लावले, मग मधून बाहेर, आडवे-तिडवे, दोन फेऱ्यांत आवळले. हे बोल्ट लहान आहेत, जोर लावला की अॅल्युमिनियममधले आटे जातात. मेस्त्रींनी लांब पाना माझ्या हातातून काढून घेतला आणि आखूड दिला.

रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी डिफरन्शियल चढवलं, बोल्टांना ग्रीस लावून. पांढऱ्या रेघा जुळवल्या, गिअर ऑइल भरलं. पाणी, इंजिन ऑइल, नवा फिल्टर. इंजिन लागू नये म्हणून इंजेक्टरच्या वायरींचे सॉकेट काढून ठेवले आणि नुसता स्टार्टर मारला, दहा-दहा सेकंद, मध्ये थांबून. तिसऱ्या वेळी ऑइलचा लाल दिवा विझला. मग सॉकेट लावले आणि चावी फिरवली. इंजिन दोन वेळा खोकलं आणि लागलं. पुढच्या तोंडाकडून काहीही वाजलं नाही. मेस्त्री बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ ऐकत उभे राहिले.

जळकं ऑइल लोक कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी फासतात, उरलेलं व्हाळात, म्हणजे ओढ्यात, ओततात. व्हाळाचं पाणी आमच्या विहिरीला लागून जातं. ते दोन डबे मी झाकण घट्ट लावून जुनं ऑइल घेणाऱ्याला दिले.

मिरगाचा पाऊस चार दिवसांनी लागला. त्यानंतर हजार किलोमीटर झाल्यावर ऑइल पुन्हा बदललं, आणि तेही त्याच फडक्यातून गाळलं. काळं ऑइल गेलं, फडक्यावर काही उरलं नाही. गाडी बागेच्या चढावरून खताच्या गोण्या घेऊन रोज जाते. रात्री तिच्याखाली मी अजून पेटीचा पुठ्ठा टाकून ठेवतो आणि सकाळी उचलून बघतो. कोरडा असतो.